रविवारचे सेकंद

४ जून

प्रिय मामा,

"घड्याळ चुकलं तर चालतं गं, पण किती चुकतंय ते ठाऊक पाहिजे." मी नऊ वर्षांची होते, तुझ्या दुकानातल्या स्टुलावर उभी होते, आणि तू एका शिवणयंत्राच्या पोटात हात घालून, माझ्याकडे न बघता हे म्हणाला होतास. त्याच दिवशी तू भंगारातून रेल्वेचं पहिलं खिशातलं घड्याळ आणलं होतंस. पस्तीस वर्षांत ते वाक्य माझ्या काही कामाला आलं नाही. काल आलं.

आधी चांगली बातमी. जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक गार्डचं घड्याळ मिळालं. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, पाठीवर रेल्वेचा नंबर कोरलेला. आणि सोबत तपासणीचं कार्ड! दर पंधरा दिवसांनी स्टेशनच्या घड्याळाशी ताडून बघायचे आणि सेकंदांचा फरक लिहायचे, तेच. या गार्डच्या रकान्यात दोन वर्षं नुसती शून्यं आहेत. मी दुकानातच मोठ्याने हसले. घड्याळ चालतं, पण वेळ लावता येत नाही. किल्लीचं डोकं कितीही ओढलं तरी काटे जागचे हलत नाहीत. तुझ्यासाठीच घेतलंय.

आता दुसरं. तू दर रविवारी घड्याळं ताडून मला पाठवतोस ते तक्ते मी वहीत उतरवून ठेवते. काल सहा महिन्यांचे शेजारी शेजारी मांडले. तुझी अकरा घड्याळं म्हणजे अकरा स्वभाव, मला पाठ आहेत. लंगडोबा रोज चार सेकंद मागे, कोतवाल दोन पुढे, बाकीचे अधलेमधले. पण फेब्रुवारीपासून काहीतरी विचित्र चाललंय. एका रविवारी अकराच्या अकरा आपापल्या चालीपेक्षा चार सेकंद पुढे. पुढच्या रविवारी सगळी एकदम तीन सेकंद मागे येतात. मग पुन्हा पाच पुढे. काय रे, युनियन काढली का त्यांनी?

मला वाटतं, तुझं पंच घड्याळ बिघडलंय. रेडिओवर वेळ सांगणाऱ्या शेवटच्या पीपला तू पंचाचा सेकंद वाचतोस आणि बाकीची दहा त्याच्याशी ताडून बघतोस. पंच चुकला की सगळ्यांचा निकाल चुकणार. बघ जरा.

मामीला सांग, कुंडीतल्या लिंबाला पहिल्यांदाच फळ धरलंय. चांगली तीन लिंबं.

तुझी,
भिंगरी


१३ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

डोकं ओढू नकोस, बाई, मोडून ठेवशील! ते रेल्वेचं घड्याळ आहे, लग्नात जावयाला दिलेलं नव्हे. पुढची काच हलक्या हाताने डावीकडे फिरवून काढ. एकच्या आकड्याजवळ, अगदी कडेला, नखाएवढा खटका दिसेल. तो बाहेर ओढला की मगच काटे फिरतात. मुद्दाम तशी सोय केलेली असते, किल्ली देता देता गार्डच्या हातून चुकून वेळ बदलू नये म्हणून. चुकून बदललेल्या एका मिनिटात दोन गाड्या एका रुळावर येऊ शकतात. आणि पाठीला पॉलिश लावलंस तर मामा-भाचीचं नातं संपलं असं समज.

त्या शून्यवाल्या गार्डला हसू नकोस. दोन वर्षं शून्यावर राहणारं घड्याळ अजून कुणी बनवलेलं नाही. बिचारा घरी बसून, न बघताच शून्यं टाकत असणार. फरक ठरल्यापेक्षा जास्त निघाला की घड्याळ जप्त आणि माणूस घरी. पोटासाठी लिहीत होता.

पंचाबद्दल म्हणतेस ते शक्य आहे. म्हातारा झालाय. या रविवारपासून कोतवालाला पंच नेमलं आहे. युनियनला मान्यता दिलेली नाही.

पावसापाण्याचं, तब्येतीचं सगळं ठीक. गुडघे बोलतात, पण मी त्यांच्याशी बोलत नाही. खाली तुझी मामी दोन ओळी लिहिते म्हणते आहे. तिला जागा सोडतो.

तुझा,
मामा

भिंगरे, हा माणूस त्या घड्याळांना अंगाई म्हणायचा तेवढा राहिलाय. परवा मी लंगडोबाला किल्ली देत होते, तर म्हणतो, "हळू, झोपेतून उठतोय तो." मला बेचाळीस वर्षांत एकदा तरी हळू उठवलंय का विचार. तुझ्या कुंडीतल्या लिंबाला फळ धरलं का? - मामी


९ जुलै

प्रिय मामा,

खटका सापडला. पहिल्याच फटक्यात नाही, पण सापडला. काटे फिरले तेव्हा मी एकटीच माझ्या चष्म्याच्या दुकानात टाळ्या वाजवल्या.

मामीला सांग, तीन लिंबं. मागच्या पत्रात लिहिलं होतं, तू तिला वाचून दाखवलं नाहीस वाटतं.

तुझे चार तक्ते आले. आता पंच कोतवाल आहे, तरी तेच. एका रविवारी सगळी तीन पुढे, पुढच्या रविवारी सहा पुढे, मग दोन. पंच बदलला आणि चूक तशीच राहिली, म्हणजे चूक घड्याळांची नाही मामा. चूक बघणाऱ्याची आहे. पीप वाजतो एका क्षणी आणि तुला काटा दिसतो नंतरच्या.

रागावू नकोस. मी रोज वीस-पंचवीस माणसांचे डोळे तपासते. पुष्कळ जणांना आपली नजर उतरलीय हे कळतच नाही, कारण ती हळूहळू उतरते आणि माणूस हळूहळू सावरून घेत जातो. मोतीबिंदू म्हण, पडदा म्हण, काहीही असू शकतं. सेकंदाचा काटा किती बारीक असतो! शेवटचे डोळे कधी तपासून घेतलेस? तीन वर्षांपूर्वी मी तपासले होते, त्यानंतर?

आणि मामीच्या औषधाचे थेंब कोण मोजतं? तूच ना? सात म्हणजे सातच पडतात ना?

मला चैन नाही. आज तीनदा चुकीच्या नंबरची काच उचलली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, तुम्हीच चष्मा लावा." दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मी तुझे आकडे काढून बघते, पुन्हा ठेवते, पुन्हा काढते. तू फोन का उचलत नाहीस? वाजून वाजून बंद होतो. फोन कर. नाहीतर लगेच लिही.

भिंगरी


१५ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

फोनवर सेकंद सांगता येत नाहीत, म्हणून मी फोन करत नाही. हे तुला वीस वर्षं माहीत आहे.

माझे डोळे ठणठणीत आहेत. पुरावा हवा? पुढची ओळ चष्म्याशिवाय लिहितो आहे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. तुझ्या दुकानातल्या भिंगाखाली धरून बघ:

शिवणयंत्राच्या सुईचं भोक मी अजून पहिल्या झटक्यात ओवतो आणि भाचीच्या आगाऊपणाचंही मोजमाप घेतो.

दिसलं? एकही काना सुटलेला नाही. गिऱ्हाइकं बघून बघून तुला जो तो आंधळा दिसायला लागला आहे. सुताराला सगळीकडे खिळे दिसतात तसं. थेंब सातच पडतात. मी मोजतो.

या वेळचा तक्ता सोबत जोडला आहे. बघून घे. सगळं जागच्या जागी आहे. आता हा विषय पुरे.

मामा

भिंगरे, हा तुझ्यावर का फुगलाय? सकाळपासून स्क्रू ड्रायव्हर शोधतोय आणि तो त्याच्या खिशात आहे. मी सांगत नाहीये, मजा बघतेय. लिंबाला फळ धरलं का गं? धरलं तर पहिलं तोडू नकोस हं, झाडाला वाईट वाटतं. - मामी


२६ जुलै

प्रिय मामा,

तुझी मुंगीची ओळ भिंगाखाली धरली. खरंच, एकही काना सुटलेला नाही. डोळे चांगले आहेत, मान्य.

पण सोबतचा तक्ता. मामा, तो तक्ता मी तुझ्या ओळीहून जास्त वेळ भिंगाखाली धरला. अकराही घड्याळं आपापल्या चालीवर, सेकंदभरही इकडे तिकडे नाही. लंगडोबा बरोब्बर अठ्ठावीस मागे, कोतवाल बरोब्बर चौदा पुढे. तुझ्या चांगल्या दिवसांतही असा तक्ता कधी आला नव्हता. मला ते शून्यांचं कार्ड आठवलं. तुला प्रत्येक घड्याळाची चाल पाठ आहे. न बघताही तू असा तक्ता लिहू शकतोस. तू तो तसाच लिहिलास.

मामीला तू माझी पत्रं वाचून दाखवत नाहीस, हेही आता नक्की झालं. ती लिंबाचं तिसऱ्यांदा विचारणार आणि मी पुन्हा सांगणार.

म्हणजे तुला कळलंय. तुझ्या डोक्यात काहीतरी मागे पडतंय, हे तुला कळलंय, आणि तू ते झाकतोयस. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते. खिशातला स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही. काटा वेळेवर वाचता येत नाही. आणि घरात गॅस आहे, थेंब आहेत, मामी आहे.

मी काल दादाला सगळं कळवलं. सहा महिन्यांचे आकडे पाठवले. तो तुझा मुलगा आहे, त्याला माहीत असायला हवं. येत्या शनिवारी तो येतोय. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही.

दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. बसलं की उठावंसं वाटतं. माझं चुकलं असं वाटतं, मग नाही चुकलं असं वाटतं. तुला राग येईल. येऊ दे, पण बरा राहा.

भिंगरी


१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आमचे चिरंजीव येऊन गेले. तुझ्या माहितीसाठी वृत्तान्त लिहितो, म्हणजे वहीत उतरवता येईल.

आल्या आल्या म्हणाले, "बाबा, आज तारीख काय?"

मी म्हटलं, "तुझ्या वाढदिवसाची नाही एवढं नक्की. त्या दिवशी तू कधी येत नाहीस."

"शंभरातून सात वजा करत जा बघू."

"चौथीत हेच तुला येत नव्हतं. फुटपट्टी घेऊन मी बसलो होतो."

"बाबा, तुम्ही विषय टाळताय."

"विषय तू काढलास, मी फक्त वजा करतोय."

तुझी मामी हसली. चिरंजीव हसले नाहीत. रविवारी मोबाईल हातात धरून माझ्या पाठीशी उभे राहिले. तुझी मामी नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी बसली होती, खांद्यावर हात ठेवून. पीप झाले, मी आकडा लिहिला. "सात सेकंद! बाबा, तुम्ही सात सेकंद चुकलात!" असे ओरडले की आजूबाजूच्या घरांना वाटावं गाडी रुळावरून घसरली. मी म्हटलं, "हो, चुकलो. वय झालं." आणखी काय म्हणणार?

मग निकाल लागला. घड्याळांमुळे माझ्या डोक्याला ताण होतो, सबब वीस सप्टेंबरला त्यांच्या ओळखीचा एक घड्याळवाला येऊन अकराही घेऊन जाईल. मी एकट्याने बाहेर पडायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. माझ्या गोळ्या आणि मामीचे थेंब, सगळा डबा आता मामीच्या ताब्यात. "आई, आजपासून सगळं तुझ्यावर," चिरंजीव म्हणाले. ती म्हणाली, "बरं." आणि डबा मांडीवर घेऊन बसली, एखाद्याने मूल सांभाळायला द्यावं तशी.

मग गाडी फुर्रकन गेली.

तुझं समाधान झालं असेल अशी आशा आहे.

मामा


२८ ऑगस्ट

प्रिय मामा,

समाधान? तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला लागलंय.

घड्याळं विकायचं मी दादाला सुचवलं नव्हतं. एका शब्दानेही नाही. मला वाटलं होतं तो तुला डॉक्टरकडे नेईल, बस. तो वस्तू उचलूनच प्रश्न सोडवतो. लहानपणी मांजर दूध पितं म्हणून त्याने दूध बंद करायला लावलं होतं, आठवतं? तरी मामीच्या हातात डबा गेला हे एक बरं झालं, असं मला वाटतं. निदान एक जण तरी लक्ष ठेवायला आहे.

पण तू लिहीत का नाहीस? दोन रविवार गेले, तक्ता नाही. वीस वर्षांत तुझा तक्ता दोनदाच चुकला आहे, एकदा आजी गेली तेव्हा आणि एकदा टपालवाल्यांचा संप होता तेव्हा. आता कोणाचं काय आहे?

रोज दुपारी टपाल येतं, तेव्हा मी गिऱ्हाइकाला "वरची ओळ वाचा" सांगून दाराकडे बघते. काल एक आजोबा अख्खा तक्ता वाचून गप्प बसले होते. मला कळलंच नाही.

एक ओळ लिही. शिव्या लिही. मी रजा टाकून येऊ का?

भिंगरी


५ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. आलीस तर तिला कळेल की काहीतरी आहे.

मागच्या गुरुवारी मी मोरीच्या उंबऱ्याशी पडलो. घाबरू नकोस, कपाळाला तीन टाके, बाकी शाबूत. रक्तदाबाची गोळी सकाळी दोनदा घेतली गेली. म्हणजे दोनदा दिली गेली. पहिली चहाआधी, दुसरी चहानंतर. "घेतली की मी मघाशी," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण ती इतक्या काळजीने पाण्याचा पेला धरून उभी होती, सगळं तुझ्यावर असं मुलाने सांगितल्यामुळे, की मी गिळली. मी रोज तिच्या मागून डबा मोजत होतो. त्या दिवशी मोजूनही घेतली. मूर्खपणा माझा.

आता नीट वाच. दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

मला तीन वर्षं झाली, ते पीप ऐकू येत नाहीत. बारीक आवाज आधी गेले. पक्षी गेले, मग घड्याळांची टिकटिक गेली, मग पीप. मशीन फिरवून नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस मी. कोणाला सांगणार? फोन उचलत नाही तो त्यामुळेच. तुझ्या मामीने ते माझ्याआधी ओळखलं आणि एका रविवारी काही न बोलता शेजारी येऊन बसली. शेवटच्या पीपला माझ्या खांद्यावर थाप मारली. तेव्हापासून पीप ती ऐकते आणि काटा मी वाचतो. पहिली दोन वर्षं तिची थाप इतकी अचूक होती की मी स्वतः ऐकत असतानासुद्धा तेवढी अचूकता नव्हती.

फेब्रुवारीत पहिल्यांदा सगळी घड्याळं मिळून दोन सेकंद पुढे गेली. तू जो हिशेब मांडलास तो मी तेव्हाच मांडला होता. काटा बघणारा तोच, घड्याळं तीच. मागे पडते आहे ती थाप. मी माझ्या वहीत तिचा एक वेगळा रकाना आखला. फेब्रुवारी दोन. एप्रिल चार. एखाद्या रविवारी पुन्हा शून्य, तेव्हा मी दिवसभर शीळ घालत फिरतो. चिरंजीव आले त्या दिवशी सात. परवा नऊ.

लिंबाचं तू लिहिलेलं मी तिला दर वेळी मोठ्याने वाचून दाखवलं आहे.

थाप मारायच्या आधी हल्ली ती डोळे मिटून घेते. ओठ आत ओढते, लहान मूल ओंजळीत पाणी नेताना करतं तसं. आणि थाप मारली की माझ्याकडे बघते. मी म्हणतो, "बरोब्बर!" मग ती उठते आणि आपल्या कामाला लागते. सगळा आठवडा त्या एका शब्दावर जातो आमचा. त्या रविवारी चिरंजीव ओरडले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. तिच्यासमोर मी कसं सांगणार होतो की तुझी आई चुकली? माझ्या नावावर लागतील ते सात सेकंद लागू देत.

म्हणून तुला सांगायचं ते इतकंच. दादाला लिही की तक्ते उतरवताना तुझीच चूक झाली. घड्याळवाल्याला थांबव. घड्याळं गेली तर रविवार गेला, आणि रविवार गेला तर तिच्या हातात माझं म्हणून काही उरत नाही. बाकी सगळं मी सांभाळतो.

तुझा,
मामा


१२ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र दुकानातच उभ्याउभ्या फोडलं. समोर एक बाई यंत्रावर हनुवटी टेकवून बसल्या होत्या. मी मागच्या खोलीत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. आले तेव्हा त्या अजून हनुवटी टेकवूनच होत्या. म्हणाल्या, "हलू का आता?"

तुझ्या कपाळावरचे टाके माझे आहेत. ते तू लिहिलं नाहीस, मी लिहिते. डोळे तपासणाऱ्या बाईला डोळेच दिसले. मी सहा महिन्यांचे सेकंद मांडले आणि एका बाईने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तो दिसला नाही. उलट तू पत्रं वाचून दाखवत नाहीस असं ठरवून मोकळी झाले.

आता दोन गोष्टी मी विचारत नाहीये, सांगतेय. औषधाचा डबा आजच्या आज तुझ्या ताब्यात घे. रोजचं काढून वाटीत ठेव आणि मामीला ती वाटी दे, म्हणजे द्यायचं तिच्याकडेच राहील आणि मोजायचं तुझ्याकडे. आणि घड्याळवाल्याचा नंबर मी दादाकडून मिळवला आणि त्याला वीस तारखेला येऊ नका म्हणून कळवलं. दादा चिडलाय. चिडू दे. चूक माझी झाली असं मात्र मी त्याला लिहिणार नाही, कारण जी झाली ती निराळी होती. खरं काय तेही अजून लिहिलेलं नाही. त्याआधी आणखी एका माणसाला ते कळायला हवं, असं मला चार दिवस वाटतंय. चार दिवस मी घरभर फिरतेय आणि ते जात नाहीये.

माझ्याकडे एक शिंपी यायचे. त्यांचा मुलगा दर वेळी मला दाराबाहेर बोलवायचा. "नजर जातेय हे बाबांना सांगू नका हं, खचतील." मी नाही सांगितलं. वर्षभर आम्ही म्हणत होतो, छान, छान. एक दिवस मी चुकून दुसराच तक्ता लावला आणि ते घडाघडा जुन्या तक्त्याची अक्षरं म्हणून गेले. त्यांनी पाठ केला होता. आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून. मी वळून तक्ता बघितला तेव्हा म्हणाले, "बाई, मला दीड वर्ष माहीत आहे. मुलगा खचेल म्हणून बोललो नाही. पण फार एकटं वाटतं हो, सगळे छान म्हणतात तेव्हा."

मामा, तू लिहिलंस, ती डोळे मिटते. ओठ आत ओढते. थाप मारून तुझ्याकडे बघते. जिला काही कळत नाही ती कशाला डोळे मिटेल? कशाला तुझ्याकडे बघेल? मला वाटतं, ती तुझा चेहरा वाचते. तू "बरोब्बर" किती पटकन म्हणतोस, ते ती मोजते. माझं चुकत असेल. या वर्षी माझं पुष्कळ चुकलंय. पण तू तिच्यासाठी शून्यं लिहितोयस आणि ती तुझ्यासाठी ती शून्यं खरी मानल्याचं दाखवतेय, आणि तुम्ही दोघं एका बाकावर, खांद्यावर हात ठेवून, एकेकटे बसलाय.

मी तिला आत्ता कुठे घेऊन जा म्हणत नाही. डॉक्टरचं नंतर बघू. तुझ्या कानाचंही नंतर. मी एकच मागते. येत्या रविवारी तिने थाप मारली की "बरोब्बर" म्हणू नकोस. जो आकडा येईल तो तिच्यासमोर लिही. आणि मग वही उघडून तो तिचा रकाना तिला दाखव, फेब्रुवारीपासूनचा. दादाला कळायच्या आधी, डॉक्टरला कळायच्या आधी. ती रडेल कदाचित. कदाचित म्हणेल, "एवढंच ना? मला वाटलं दहाच्या वर गेले." तिचं काही सांगता येत नाही.

तू नाही म्हणशील. हे वाचता वाचताच पत्राची घडी घातली असशील, आणि उलट टपाली एका ओळीत "हा विषय पुरे" असं येईल. तरी मागते. मामा, तिला सांग.

तुझी,
भिंगरी